तपासून पाठवला आहे

खोक्यावर शिक्का : तपासून पाठवला आहे.
खाली पेन्सिलीनं, घाईत, दोन अक्षरं : आर. बी.
हा तिसरा डायनॅमो.
रंग नवा, कार्बन नवे, गुंडाळी नवी म्हणे,
आणि अँमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे,
ये रे माझ्या मागल्या.

टू हार्बर्सला नोव्हेंबरात तेल काकवी होतं.
तळ्यावरचा वारा गॅरेजच्या फटीतून येऊन
पान्यांच्या फळीवर बसतो.
बावन्न सालची प्लिमथ, सहा व्होल्टांची,
अर्थिंग उलटं, बॅटरीचं धन टोक बॉडीला.
"नवा हात लागला की ही आधी चावते,"
आल्व्हार म्हणायचा.
त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.
एकतीस वर्षं मी फक्त टॉर्च धरला.
उजेड जरा हलला की खेकसायचा.
तेव्हा ठाऊक सगळं आहे मला,
फक्त बोटांना नाही.

केंटकीतला दुकानदार फोनवर साखर पेरतो :
"रेग्युलेटर बघा, मॅडम. नव्वद टक्के वेळा तोच असतो."
बघितला.
इंजिन चालू ठेवून एफची तार थेट बॉडीला टेकवली.
काटा उठला असता तर दोष रेग्युलेटरचा.
काटा ढिम्म.
बॅट आणि आर्म यांच्यात क्षणभर तार लावून
लोखंडाला त्याची दिशा पुन्हा शिकवली.
निळी ठिणगी उडाली, शिकलं काहीच नाही.
मग पट्टा उतरवून डायनॅमोलाच वीज पाजली.
धड असेल तर मोटरसारखा गरगरतो.
हा नुसता घुमला जागच्या जागी,
तार हाताला चटका देईपर्यंत.
"मी फिरवून बघितला तसा," असं मी सांगितल्यावर
केंटकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाला, "चौथा पाठवू का?"

रात्री दीडला उठले.
आल्व्हारच्या शिकारीच्या कोटात होकायंत्र होतं,
त्याच खिशात अर्धी चघळलेली काडी,
ती तिथंच राहू दिली.
ए आणि एफ यांच्यात सहा व्होल्ट, बाकी सगळं सुटं.
आत दोन चुंबकं. एक उत्तर, एक दक्षिण, असं हवं.
होकायंत्र पहिल्या स्क्रूपाशी नेलं :
सुईची पांढरी शेपटी वळली.
दुसऱ्या स्क्रूपाशी :
पुन्हा शेपटीच.
तीनदा केलं. टॉर्च दातांत होता, अजिबात हलला नाही.

दोन्हीकडे उत्तर.
एवढंच उत्तर होतं.
एकाच दाराला दोघं दोन बाजूंनी रेटत होते
आणि दार बंदचं बंद.

शुक्रवार असेल, आर. बी.,
घड्याळाकडे बघून तू दुसऱ्या गुंडाळीची टोकं जोडलीस,
हिचं तिला, तिचं हिला.
नंतर तपासलंसही असेल,
रंग वाळला का ते.
शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या.
पण माझंही पहिलं डाग देणं बघायला हवं होतं तू,
बकरीच्या लेंडीएवढा कथलाचा गोळा,
पुसून पुन्हा, पुसून पुन्हा,
शेवटी जमलं ते दिसायला वाईट, ओढायला घट्ट.

सकाळी टेबलावर वीज दिली
आणि तो असा उसळला की पक्कड खाली पडली.

बसवला. ठिणगी दिली. गाडी सुरू केली.
वेग वाढवल्यावर काटा उजवीकडे सरकला,
वीस, मग बावीस.
मालगोदीच्या रस्त्यानं खाली गेले,
फाटकापाशी खनिजाची गाडी आडवी, चौऱ्याऐंशी डबे मोजले.
इंजिन मंद झालं तसा काटा
हळूच शून्याखाली उतरला, दिवे पिवळट पडले.
मागच्या ट्रकातला पोरगा खिडकीतून ओरडला,
"काकू, तुमची बॅटरी जातेय बहुतेक!"
नाही रे. ही थांबली की अशीच असते.
शेवटचा डबा गेला.
मी पायाखाली पेडल दाबलं.