डबा

थॉर्नबेकमध्ये घरं एकवीस,
बस मंगळवारी आणि शुक्रवारी.
सासूबाईंनी बरोबर दिलेला स्टीलचा डबा एकच.
झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं:
सौ. वत्सला ग. खांबेटे, साखरपा, १२-५-७४.

मॉरीनने पहिल्यांदा त्यावर बोट फिरवलं.
म्हटलं, नाव आहे.
कार्यात भांडी इकडची तिकडे होतात,
नाव असलं की घरी येतात.
"मेंढ्यांना आम्ही रंग लावतो, तसं."
हो, म्हटलं, तसंच.

भांडं रिकामं परत देऊ नये
हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.
शंकरपाळे गेले, अंडी आली.
शेव गेली (तिने ती सूपवर घातली म्हणे),
आला एक जाडजूड लीक,
झाकण ढकलून डोकं वर काढून,
चीजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला श्रीरंग
दुपारी पांघरुणातून बघतो तसा.

मग एप्रिलात कुंपण.
श्रीरंगने हॉथॉर्न छाटली.
आपल्या बाजूची, त्याच्या मते.
आत घरटं होतं ब्लॅकबर्डचं,
चार निळसर, ठिपक्यांची अंडी.
मॉरीन पलीकडून एवढंच म्हणाली, "असं."
तेवढं बोलायला माझ्या आईला
पाऊण तास लागला असता.

डबा तेव्हा तिच्याकडे होता.

जुलैत गावच्या प्रदर्शनात
माझ्या गूजबेरीच्या मेथांब्याला तिसरा नंबर.
स्पर्धक तीन.
परीक्षक मॉरीन.

ऑगस्टात श्रीरंगचे तास कमी केले,
आणि त्याच गुरुवारी ऊर्वीला लीड्समध्ये प्रवेश.
रडायचं कशाला आणि हसायचं कशाला
याचा घोळ झाला, शेवटी पेढे केले.
आइसक्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यातून वाटले:
पोस्टमनला, मेंढ्यावाल्या कीथला,
चर्चची फुलं बघणाऱ्या बाईंना.
एक घर सोडून.
श्रीरंग म्हणाला, देऊन ये की.
मी म्हटलं, छाटलंस तू, तू दे.
पेढे चार दिवस तसेच राहिले,
मग आम्हीच खाल्ले, एकमेकांना न सांगता.

दर रविवारी सासूबाई व्हिडिओवर:
"मागे फळीवर डबा दिसत नाही गं?"
घासायला टाकलाय, म्हणायचे.
सात महिने मी तो डबा घासत होते.

नोव्हेंबरच्या वादळात वीज गेली.
दारात टॉर्च.
मॉरीन, नवऱ्याच्या कोटात,
तो जाऊन नऊ वर्षं झाली त्या नवऱ्याच्या.
"तुमच्याकडे कॅम्पिंगचा गॅस आहे ना?"
मी आधी तिचे हात पाहिले. रिकामे.
मग तोंड पाहिलं, थंडीने निळं.
त्या क्रमाची लाज मला अजून वाटते.

मेणबत्तीत पिठलं-भात.
तिने दोनदा घेतलं, नाक पुसलं,
लसणीला नावं ठेवली.
घरट्याचं कुणी काढलं नाही.
श्रीरंग तिला सोडायला गेला तो तासभर आलाच नाही.
तिच्या शेडचा पत्रा दोरीने बांधत होता
भर वाऱ्यात, एकटा, मूर्खासारखा.

चार दिवसांनी पायरीवर डबा.
आत सफरचंदं, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेली.
आणि तळाला, बाहेरून,
खिळा-हातोडीने ठोकलेली वाकडी टिंबं:
मॉरीन मेटकाफ, थॉर्नबेक.
तारीख घालता घालता कंटाळली असावी,
किंवा शेवटचं टिंब आरपार गेलं म्हणून थांबली.

मला राग आला. खरं सांगते, आला.
सासूबाईंना तळ अजून दाखवलेला नाही,
रविवारी झाकण तेवढं कॅमेऱ्यापुढे धरते.
आणि रस्सा काही आता त्यातून पाठवता येत नाही.

आज तिला रवा भाजून दिला.
उपमा ती स्वतः करणार आहे, देव तिचं भलं करो.
मागच्या दारापासून कुंपणापर्यंत
रव्याची बारीक रेघ,
आणि रेघेवरून, मान तिरकी करत,
एक ब्लॅकबर्ड.
तोच का, कुणास ठाऊक.
श्रीरंग खिडकीतून बघत उभा होता.
म्हटलं, कात्री कुठे ठेवलीस?
म्हणाला, कीथला दिली.