थंड हवा जड असते

गाडी उन्हात तापली असेल तर लगेच दारं लावून बसू नका.
आधी एका बाजूची काच पूर्ण खाली घ्या,
मग पलीकडचं दार
सुपानं पाखडल्यासारखं चार-पाच वेळा हलवा.
आतला भपकारा निघून जातो.
हे मला शकूरभाईनं शिकवलं,
जिंतूर रोडला, बाभळीखाली,
दातांत स्क्रू धरून.

‘ग्यास ऐसे संपता नै मुंजाजी,
वो क्या पेट्रोल है? कहीं तो गळता.
पैले जाली निकाल.’
खणामागून जाळी निघाली:
मानवतच्या जिनिंगची बारीक रुई,
काळ्या मातीचा थर,
एक वाळलेली गांधीलमाशी.
गॅससाठी दोन हजार खिशात घेऊन गेलो होतो.
त्यानं जाळी गुडघ्यावर आपटली, चहा मागवला,
चहाचे पैसे मीच दिले.

मंगळवार, शुक्रवार. मानवत ते परभणी.
मागच्या सीटवर अनुसयाबाई,
माझ्या शेजारी विश्वंभरराव,
मांडीवर फाईल, फायलीवर डबा.
पहिली दोन मिनिटं काचा उघड्या,
रस्त्याला लागलो की बंद.
मग ते गोल बाणाचं बटण,
आतलीच हवा आत फिरवायचं.
थंड झालेलं पुन्हा थंड करायला
मशीनला फार जोर लागत नाही.
जाळ्यांची तोंडं वर ठेवा.
थंड हवा जड असते,
आपसूक खाली येते.

दवाखान्याच्या आवारात एकच लिंब.
सावली आत्ता कुठं आहे ते बघायचं नाही,
चार तासांनी कुठं असेल ते बघायचं.
म्हणून मी सकाळी उन्हात गाडी लावतो,
वॉचमन हसतो,
दुपारी हसत नाही.

येताना सगळं उलटं.
रक्त धुऊन आलेली बाई
बाहेर चव्वेचाळीस असताना कुडकुडते.
पट्टी लावलेला हात पदराखाली,
दात वाजतात, ऐकू येतात.
‘मुंजाजी, बंद कर बाबा ते.’
मी बंद करतो.
काच उघडायला हात नेला
तर विश्वंभरराव बोटानंच नाही म्हणतात.
झळ लागेल तिला.
मग आम्ही दोघं शिजतो.
त्यांचा सदरा सीटला चिकटतो,
घाम कानामागून उतरतो,
ते पुसत नाहीत.
पुसला तर मागून दिसेल.

एकदा मी मागच्या जाळ्या मिटवून
पुढची एकच त्यांच्या गुडघ्याकडं वळवली.
त्यांनी काही न बोलता
ती काचेकडं फिरवली.

आता शुक्रवारची गोष्ट.
कोल्हा पाटी मागं पडली होती.
ट्रॅक्टरच्या मागं अडकलो होतो,
कडब्याच्या काड्या काचेवर येत होत्या.
मागून आवाज आला, बारीक,
पण शुद्धीतला:
‘यांच्याकडं सोड की जरा वारा.
मला झोप लागलीय असं समज.’

विश्वंभरराव खिडकीबाहेर बघत राहिले,
ऐकलंच नाही अशा मानेनं.

मी पंखा एकवर लावला.
जाळी त्यांच्याकडं, तोंड किंचित वर.
आरशात पाहिलं,
डोळे मिटलेले, गोधडी हनुवटीपर्यंत,
पापण्या मात्र हलत होत्या.

हां, आणि एक राहिलं.
घर यायच्या दोन किलोमीटर आधी एसी बंद करा,
नुसता पंखा चालू ठेवा.
आतली ओल वाळते.
नाहीतर गाडी वास धरते,
आणि तो मग जाता जात नाही.