ओलावा एक्क्याण्णव

वेंगुर्ल्यात ऑगस्टमध्ये काटा एक्क्याण्णववर जातो
आणि तिथेच बसतो, वसुलीला आलेल्या माणसासारखा.
मी बर्फ कारखान्यात हिशेबनीस. दिवसभर लाद्या मोजतो,
संध्याकाळी गिटारींच्या पोटातल्या सिलिकाच्या पुड्या.
बाजारातल्या चपलांच्या दुकानातला तौसिफ
मला पाहिलं की न विचारता खोकी उघडतो.

तीन आहेत.
प्रज्वला म्हणते, तीन गिटारी आणि हात दोन,
तेही बांगडे साफ करायच्या वेळी सापडत नाहीत.

पहिली प्लायवुडची. नोकरी लागली त्या वर्षी कोल्हापूरहून,
एसटीच्या मागच्या सीटवर, सगळा फोंडाघाट मांडीवर आडवी.
तारा इतक्या उंच, की खालून
रुपयाची तीन नाणी सरकतील.
मीठ, दमट वारा, कशाचीच पर्वा नाही.
कुठेही टाका, दुसऱ्या दिवशी
आवाज आदल्या दिवसाइतकाच वाईट.

दुसरी म्हापशाची. वर स्प्रूस, पाठीला शिसव.
भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, कारण लिहिलं : घरदुरुस्ती.
अगदीच खोटं नव्हतं.
हिचा खर्ज विहिरीत कळशी पडावी तसा,
आधी आवाज, मग कितीतरी वेळ आवाजाचं पाणी.
पण या दिवसांत पोट फुगतं.
स्टीलची पट्टी आडवी ठेवली
तर दोन्ही टोकांखालून उजेड दिसतो.

तिसरी भिकाजी मेस्ताची. होड्या बांधणारा माणूस.
उभादांड्याला वादळात पडलेला फणस
चार वर्षं माळ्यावर सुकवला,
कडा वाकवल्या होडीच्याच वाफेवर.
आणली तेव्हा पिवळीधमक, आता मधाकडे झुकतेय.
वरचे सूर गोड. मधले किंचित नाकातले,
घसा न खाकरता कुणी बोलावं तसे.
तक्रार घेऊन गेलो तर रंधा खाली न ठेवता म्हणाला,
"लाकूड अजून झाडच हा.
वाजय, वाजय. इसारतला हळूहळू."

गेल्या रविवारी मिस्सा आटपून बस्त्यांव आला.
चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो. कान असा,
की लाँचच्या इंजिनावरून मालकाचं नाव सांगेल.
त्याला पाठमोरा बसवला, तोंड समुद्राकडे.
पंखा बंद. तिन्हींना एकाच सकाळी चढवलेल्या नव्या तारा,
एकच नखी, तेच चार कॉर्ड, तीच लय.
मग उलट क्रमाने. मग पुन्हा, मध्येच कुठूनही.
मी वहीत रकाने आखून ठेवले होते :
खर्ज, गोडवा, सूर किती वेळ टिकतो.

तो वाळत घातलेल्या जाळ्यांकडे बघत बसला.
शेवटी म्हणाला,
"तिन्ही वेळाक तू एफावर अडाकलंस."
आणि चहा मागितला.

ते पान मी फाडलेलं नाही.
रकाने कोरे, वर तारीख,
आणि मधोमध कपाचा गोल.

परवा रात्री दीडला वीज गेली.
ओलावा ओढणारं यंत्र धाप लागल्यासारखं थांबलं.
बंदरातून उशिराची एक लाँच निघाली,
तिची घरघर भिंतीतून आत आली
आणि खोलीत कुणीतरी
अगदी खालच्या सुरात हुंकारलं.
एक तार. न छेडता.

उठलो. फणस असेल, वाटलं.
मग वाटलं, छे, इतका खोल म्हणजे म्हापसाच.
शिसवावर हात ठेवला, गप्प.
फणसावर ठेवला, गप्प.
प्लायवुडवाली कोपऱ्यात, खिळ्याला, उघडीच.
तिच्यापर्यंत चाचपडत पोचलो
तोवर लाँच दीपगृहापलीकडे गेली होती.

"कोणती?" प्रज्वलाने अंधारातून विचारलं.

नव्या तारा, आठवडाही झाला नव्हता,
आणि बोटांना गंजाचा वास.