कोंबडीची बाजू

डिम्फना मावशीच्या दुकानात वीज यायच्या आधी
गल्ल्यातली नाणी मी अंगठ्याने ओळखायचे.
पोटाशी पिलांची खडबड लागली की डुकरीण, अर्धी पेनी.
कान टवकारलेला ससा, तीन.
लांब पायांचा शिकारी कुत्रा, सहा.
बैल म्हणजे शिलिंग.
सामन मासा दोन शिलिंगांचा,
हातात आला की उगाच ओला वाटायचा.
आणि घोडा आला तर मावशी स्वतः स्टुलावरून उठायची.

बाकी सगळ्या कोंबड्या.
एक आई, पाच पिलं, एक पेनी.
आमच्या किनाऱ्यावर माणसांकडे असायच्या त्या याच.

उलट्या अंगाला सगळ्यांनाच हार्प.
मॅलकी आजोबा सांगायचे, तिथे आधी राजा होता,
मानेपासून कापलेला, तरी तोरा कायम.
मग देश आपला झाला आणि ठरलं,
डोकं नको, वाद्य चालेल.
फादर कॉनीली नाणं डोळ्याजवळ धरून म्हणाले,
'ना संत, ना क्रूस. खजिना आहे की गोठा?'
मावशी साखर तोलत होती.
'फादर, गोठ्याला आपण नावं ठेवायची?'
काटा स्थिर होईपर्यंत कोणी बोललं नाही.

रविवारी चौकात पोरं
कंगव्यावर दोन पेनी ठेवून हवेत उडवायची
आणि ओरडायची, 'डोकं की हार्प?'
डोकं तर माझ्या जन्माआधीच गेलेलं.
तरी कोंबडी वर आली की म्हणायचे, डोकं आलं!
राजाच्या जागेवर बसलं की
कोंबडीलाही डोकं म्हणतात.
राजकारण मला कळलं ते एवढंच.

मॅलकी आजोबा नोव्हेंबरात गेले.
शेजारच्या सोरखाने पापण्या मिटल्या,
वर ठेवायला दोन पेनी मागितल्या,
आणि कुठली बाजू आत, यावरून
दोघी कुजबुजत भांडल्या.
'हार्प आत. वाटेत सूर लागतो माणसाला.'
'सुराला कान आहेत. डोळ्यांना कोंबडी दे,
जन्मभर अंडी मोजली त्याने.'
शेवटी एक अशी ठेवली, एक तशी.

सकाळी काढल्या तेव्हा डाव्या पापणीवर
मला पाच बारीक ठिपके दिसले.
मावशी म्हणाली, मेणबत्तीचा उजेड.
तिने दोन्ही पेनी सोडा घालून धुतल्या
आणि गल्ल्यात टाकल्या.
'पैसा आहे तो.'
दुपारी एका पोराला मी गोळ्यांचे सुटे दिले,
कुठल्या पेनी त्या बघितलं नाही.
बघितलं होतं.

एकाहत्तर साली बँकेची गाडी आली,
मावशीने कोंबड्या कापडी पिशव्यांत भरल्या,
तोंडं सुतळीने आवळली,
बाजाराला नेताना पाय बांधतात तशी.
नव्या पेनीवरही पक्षी होता,
जुन्या पोथीच्या वेलबुट्टीतून उचललेला,
स्वतःच्याच मानेत गुंतलेला.
देखणा. अंडं घालणाऱ्यातला नव्हे.
मावशी म्हणाली, 'याला खायला काय घालायचं?'

परवा वादळात दिवे गेले.
कोटाच्या खिशात काड्यापेटी शोधताना
एक युरो हाताला लागला.
एका अंगाला हार्प, तारा अजून जागच्या जागी.
उलटला. दुसरीकडे नकाशा.
बराच वेळ अंधारात उभी राहिले,
अंगठा त्या देशांवरून फिरत होता,
पिसं शोधत.