पहिली पिन

शमाल तीन दिवस वाहत होता.
चौथ्या दिवशी मी टेबल ओढून मागची धूळ पुसली
आणि निघालेली वायर अंदाजानं परत खोचली.
तेव्हापासून आमच्या संगणकावर
पांढरं असं काही उरलं नाही.
कोरं पान उघडलं की मोरपिशी उजेड
गुदैबियातल्या या दीड खोलीत पसरायचा,
नवरा म्हणायचा, झालं, मत्स्यालय सुरू.

जुनाच तो. घर गुंडाळून कोचीला परतलेल्या
एका कुटुंबाकडून घेतलेला,
बावीस दिनारला, स्पीकरसकट.
म्हटलं, डोळे गेले असतील बिचाऱ्याचे.
तरी बंद करून चालू केला, दहादा.
बत्तीस बिटचे रंग सोळावर आणले, परत बत्तीसवर नेले.
ड्रायव्हर काढला, घातला.
लाल वाढवायची पट्टी शंभरपर्यंत ढकलली,
काही हललं नाही.

मग सवय झाली.
टोमॅटो काळे, भाचा हिरवट,
आईच्या फोटोतलं कुंकू म्हणजे
कपाळाला पडलेलं भोक.
डिसेंबरात बातम्यांच्या पानावर
या देशाचा लाल-पांढरा झेंडा
काळा-मोरपिशी फडकत होता,
तेव्हा तर हसू आलं होतं.

मालनचा मेल त्याच आठवड्यातला.
बार्शीहून, कॅफेत बसून लिहिलेला:
ताई, रजिस्टरला ही नेसणार आहे.
शोभेल ना मला? खरं सांग.
फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं उघडला.
दोन्ही हातांनी छातीशी धरलेली
काळपट साडी.

मला वाटलं, दुसऱ्यांदा करतेय,
चाळिशी उलटलीय, चार माणसांत उरकायचंय,
म्हणून असेल.
मला वाटलं, आणि मला ते पटलंसुद्धा.
लिहिलं: छान. भडक घेतली नाहीस, शहाणी आहेस.
आता कुणी नावं ठेवणार नाही.

सतरा दिवस झाले. उत्तर नाही.

आज तिसऱ्या मजल्यावरचा जोबिन
कढीपत्ता द्यायला आला, आठवीतलं पोर.
पडदा बघून त्यानं आधी मॉनिटरचंच बटण दाबलं.
आंटी, हा बघा, ह्याचा स्वतःचा मेनू,
इथं लाल पट्टी लालच दिसते.
म्हणजे मॉनिटर ठीक.
लाल तिकडून निघतोय,
मधे कुठंतरी अडकतोय.

टेबलाखाली शिरून त्यानं वायर उपसली,
तोंड उजेडाकडे धरलं.
पिना तीन ओळींत,
पहिली पिन शेजारणीवर डोकं टेकून आडवी.
ही लालची, म्हणाला,
दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची.
सुई आहे?

मी शिवणाच्या डब्यातली सात नंबरची दिली.
त्यानं श्वास धरून
काटा काढावा तशी पिन उभी केली,
वायर सरळ, हळू आत ढकलली,
दोन्ही स्क्रू पिळले
आणि चहा न घेता खेळायला पळाला.

पडदा पांढरा. इतका पांढरा
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

रात्री, नवरा ड्यूटीवर गेल्यावर,
तो मेल पुन्हा उघडला.
पट्टीपट्टीनं नाही, या वेळी एकदम.
लाल.
ओल्या कुंकवासारखी लालभडक, जरीचा काठ,
आणि वर मालनचं तोंड,
लहानपणी बक्षीस मिळालं की करायची तसं.

पिन वाकली होती, खरंय.
वाक्य मात्र माझंच होतं.

नवं फोनकार्ड शंभर फिल्सच्या नाण्यानं खरवडतेय,
चंदेरी भुगा कीबोर्डवर पडतोय.
इथं अकरा. बार्शीत
दीड वाजला असेल.
वाजू दे.