डबल बेल

रात्री लघवीला उठताना
मी आधी एक बेल देतो.
म्हणजे खाटेच्या लोखंडी नळीवर अंगठी वाजवतो, टण्.
थांबायचं.
पाय खाली सोडून बसायचं,
हंडरगुळीच्या थांब्यावर गाठोडंवाली म्हातारी उतरेस्तोवर
जेवढं थांबायचो, तेवढं.
डोक्यातलं गरगर खाली बसलं
की मग टण् टण्.
निघायचं, भिंतीच्या कडेकडेनं.

सून आधी दचकायची.
आता झोपेतच म्हणते,
निघाली आप्पांची गाडी.

एकतीस वर्षं कंडक्टरकी, उदगीर डेपो.
तिकिटांची पत्र्याची पेटी माझ्याकडंच राहिली.
जमा करायची होती,
मशीन आल्यावर कुणी मागितलीच नाही.
पंचवीस पैशांच्या कप्प्यात आता बीपीची गोळी,
रुपयाच्या कप्प्यात साखरेची,
हाफ तिकिटाच्या जागी अर्धी, झोपताना घ्यायची.
रात्री कप्पा रिकामा दिसला तर घेतली,
नाही दिसला तर राहिली.
राहिलेली दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही,
असा सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं दम दिलाय.
हिशोब त्याच दिवशी जुळवायची माझी खोड,
तिला काय माहीत!

मैनोद्दीन ड्रायव्हर गाडी काढायच्या आधी
सहाही चाकांना टॉमीनं ठोकायचा,
आवाजावरून हवा सांगायचा.
तोच मैनोद्दीन परवा
चपलेतनं वर आलेला खिळा घेऊन दिवसभर फिरला.
मोंढ्यात गेला,
बँकेत हयात असल्याचा दाखला देऊन आला,
अन् पायाला पत्ताच नाही.
रात्री नात म्हणाली,
दादा, फरशीवर हे लाल काय सांडलंय?

डॉक्टर म्हणाले, रोज तळव्याखाली आरसा धरून बघत जा.
आरसा धरावा तर डोळ्यात मोतीबिंदू,
वाकावं तर कंबर.
मी म्हणालो, मला दाखव.
'पाँव? तेरेकू?'
लाजला बिचारा.
एकोणीस वर्षं एका गाडीवर काढली आम्ही,
एका डब्यात जेवलो,
पण त्याचे तळवे मी कधी बघितले नव्हते.

आता रोज साडेसातला त्याच्या घरी जातो.
तेवढंच चालणं होतं.
तो ओसरीवर पाय लांब करून बसतो.
फजरच्या वजूची ओल बोटांच्या बेचक्यांत अजून असते,
ती मी जुन्या बनियननं टिपून घेतो,
नाहीतर चिखल्या होतात.
टाचेला खोबरेल, बेचकीत नाही.
नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत.
पाणी गरम का कोमट, ते कोपराला विचारायचं.
पायाला विचारायचं नाही,
तो आता खोटं बोलतो.
अन् चपला घालायच्या आधी उलट्या करून झटकायच्या,
रोज, दोन्ही.

डाव्या तळव्याला क्लचचा घट्टा,
पिवळा, अजून तसाच.
शिरूर ताजबंदचा तो जुना रस्ता
कुठंतरी याच्यात मुरलाय.
पहिल्या दिवशी मी ते हातात धरलं
तेव्हा तो आढ्याकडं बघत राहिला.
आता पाय माझ्याकडं देऊन
निवांत चहा पितो,
डिझेलचे भाव सांगतो.

काल काम उरकून मी चपला झटकल्या.
उठायलो,
तर यानं कपावर चमचा वाजवला, टण्.
'तुझे कोण बघतं?'
मी म्हणालो, मला कुठं काय,
साखर आहे, पण थोडी.
'बस खाली.'

बसलो.
त्याच्या मांडीवर पाय ठेवायला मन धजेना,
त्यानंच ओढून घेतला.
डोळ्यांनी त्याला दिसत नाही,
बोटांनी बघत गेला,
एकेक बेचकी, घोट्यापर्यंत.
मग टाचेवर चमच्यानं हळूच ठोकलं
अन् मान तिरकी करून
आवाज ऐकत बसला.

'हवा कमी वाटायली,' म्हणाला.

दुसरी बेल त्यानं अजून दिली नव्हती.