वाळूचे लाडू

ओहोटी लागली की तळाशीलच्या किनाऱ्यावर
चालायला दुप्पट जागा होते.
सोसायटीचं डिझेलचं रजिस्टर मिटून
मी भाच्याला घेऊन निघालो, साडेपाचला.
ओजस. वय सहा.
त्याची आवस कुडाळला, दवाखान्यात.
मंगळवारी त्याला बहीण झाली.
फोनवर त्यानं तिचं रडणं नीट ऐकून घेतलं
आणि आम्हाला समजावून सांगितलं,
"ती म्हणता, लायट बंद करा."

घरी त्याची मामी सकाळपासून
डिंकाचे लाडू वळत बसलेली.
"बाळंतिणीचे ते, तुझे नव्हेत," असं त्याला चारदा सांगून झालेलं.
(एक मिळाला. मीच दिला.)

सुरूची सावली संपली, ओली वाळू लागली
आणि तो जागच्या जागी थांबला.
पुढे, जिथवर नजर जाईल तिथवर,
मोहरीएवढे, वाटाण्याएवढे
वाळूचे गोळे,
बिळाबिळाभोवती फुलासारखे मांडलेले.
मी चाळीस वर्षं त्यांच्यावरून चालत आलोय.
तो म्हणाला, "मामा, पाय उचल."
मग अगदी हळू आवाजात,
"हयसर पण कोणतरी बाळंतीण असा."

मी हसलो नाही. हसू गिळायला थोडा वेळ लागला एवढंच.
"कोण रे?"
"खेकडीण. बघ मरे, किती लाडू!
खूप पोरां झाली असतली तिका."
त्यानं मोजायला घेतले.
बासष्टपर्यंत गेला, मग वारा आला, मग पुन्हा एकपासून.
एक इवलासा खेकडा बिळातून डोळे काढून
आमच्याकडे बघत होता.
"तो बापूस," ओजस म्हणाला. "दमलो हा."

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. होतं असं.
मी उकिडवा बसलो आणि सांगितलं,
खेकडा वाळू तोंडात घेतो,
तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं चोखतो
आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो.
लाडू नव्हेत ते, बाबा.
जेवून टाकलेलं.

तो विचारात पडला.
नाकाचा शेंडा खाजवला, माझ्यासारखाच.
"म्हणजे लाडू उष्टे?"
"उष्टे."
"मगे रात्री खंय जातत?"
"भरती येते. समुद्र घेऊन जातो."
"समुद्र उष्टा खाता?"

काय सांगणार? खातो म्हटलं.
त्यावर त्यानं एवढा मोठा श्वास सोडला,
जसं काही हिशेबातली चूक सापडली.
"मगे समुद्र त्यांची आवस.
माझा उष्टा आवसच खाता."

पाणी तेव्हा लांब होतं, राखाडी, कुणाचंच नसल्यासारखं.
मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं,
पाण्याकडे म्हणतोय मी.

परतताना त्याला एक लाडू हवा होता, आईसाठी.
माझ्या खिशातली आगपेटी रिकामी करून घेतली,
काड्या मला सुट्या दिल्या.
गोळी ठेवली, खाली सुरूच्या काड्यांची गादी,
आणि घरापर्यंत दोन्ही हातांत धरून,
श्वाससुद्धा बेतानं घेत आला.
सकाळच्या एसटीनं मामी निघाली.
पिशवीत डिंकाचे लाडू एकवीस,
वाळूचा एक.

संध्याकाळी फोन.
बहिणीनं सांगितलं, जपून, दुखवायचं नाही अशा आवाजात,
"ओजू, डबीत नुसती वाळू होती रे."
मला वाटलं, आता ओठ थरथरणार.
तो उलट खूश.
"म्हणजे तू खाल्लंस!"
आणि मग, घरातल्या मोठ्या माणसानं सूचना द्यावी तसं,
"ती वाळू टाकू नको.
बायच्या हातात दी.
ती परत वळतली."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मागे बाळ रडत होतं.
मग कुणीतरी लाईट बंद केली असणार.
थांबलं.